शिक्षेवरचा खर्च

१९९२ साली अंबिकाबाईंच्या मराठीच्या वर्गात एकच मुलगी होती. रुची तिचं नाव. दहावीत होती, काशीत ब्रह्मा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत राहायची, आणि तिचे वडील गोपीनाथगुरुजी दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे श्राद्धविधी करायचे.

शाळा मुलींची होती, सरकारी अनुदानावर चालणारी. कधीकाळी आसपासच्या गल्ल्यांतून पुष्कळ मराठी मुली यायच्या, तेव्हा मराठीच्या शिक्षिकेची एक जागा मंजूर झाली होती. त्या जागेवर अंबिकाबाईंना एकवीस वर्षं झाली होती. पगार सरकार द्यायचं. पुस्तकांचं मात्र कुणी बघायचं नाही. बोर्डाने लावलेलं मराठीचं पुस्तक काशीतल्या एकाही दुकानात मिळत नसे, शब्दकोश तर दूरच. बाईंकडे एक जुनी प्रत होती, तिच्यातले धडे त्या स्वतःच्या हाताने उतरवून काढत आणि मुलींना देत. त्यांचं वळणदार, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर शाळेत सगळ्यांना ओळखू यायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत शिक्षण खात्याचं पत्र आलं होतं. ज्या विषयाला लागोपाठ तीन वर्षं बोर्डाच्या परीक्षेला एकही परीक्षार्थी बसणार नाही, त्या विषयाच्या जागेचं अनुदान बंद होईल. मुख्याध्यापिकेने पत्र वाचून दाखवलं आणि बाईंनी मनातल्या मनात वर्षं मोजली. नव्वद साली कुणी बसलं नव्हतं. एक्याण्णवलाही कुणी बसणार नव्हतं, दहावीचा वर्ग त्यांना माहीत होता. उरलं होतं ब्याण्णव. घरी त्यांचे यजमान दिनानाथ, एकेकाळी वेदपाठशाळेत शिकवणारे, काचबिंदूने डोळे गेल्यापासून बसून होते. घर बाईंच्या पगारावर चाललं होतं.

त्याच संध्याकाळी त्या गोपीनाथगुरुजींकडे गेल्या. रुची तेव्हा नुकतीच नववीत गेली होती.

"गुरुजी, पोरीला मराठी घेऊ द्या."

गुरुजी संकोचले. "बाई, संस्कृत घेतलं तर नंबर चांगले येतात. आणि हिची मराठी तुम्ही ऐकलीय ना?"

तेवढ्यात आतून रुची ओरडली, "बाबा, बालटी भरून ठेवली मी, नळ चालला गेला!"

"ऐकलंत?" गुरुजी म्हणाले.

"ते मी सुधारते," बाई म्हणाल्या. "नापास होऊ देणार नाही. माझी जबाबदारी." मग जरा थांबून, खाली बघत त्या म्हणाल्या, "या वर्षी कुणी नाही मिळालं तर माझी जागा जाईल, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली. रुचीला काय वाटतं ते बाईंनी विचारलं नाही. तसं विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दोन वर्षं त्यांनी तिला शिकवलं. शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत दोघी बसायच्या. रुची हुशार होती, पण डोक्यात हिंदी घट्ट बसलेली. 'माझं पुस्तक' म्हणायच्या जागी 'माझी पुस्तक', 'भीती वाटते'च्या जागी 'डर लागतो'. सगळ्यात घोळ व्हायचा तो दोन्ही भाषांत दिसायला सारख्या आणि अर्थाने निराळ्या शब्दांचा. म्हणून दहावीच्या जानेवारीत बाईंनी जुन्या रजिस्टरचं पान फाडून त्यावर अशा वीस शब्दांची यादी करून तिला दिली. डावीकडे शब्द, मधे त्याचा हिंदी अर्थ, उजवीकडे त्यासाठी मराठीत म्हणायचा शब्द.

परीक्षा जवळ आल्या तसं शहराचं वातावरण बदललं. सरकारने नकलेविरुद्ध, म्हणजे कॉपीविरुद्ध, अध्यादेश काढला होता. परीक्षेत नक्कल करणं आता पोलिसांनी पकडून न्यायचा गुन्हा झाला होता, आणि लगेच जामीनही मिळत नव्हता. रोजच्या पेपरात बातम्या यायच्या. अमुक ठिकाणी सात मुलं पकडली, तमुक ठिकाणी तेरा. एका फोटोत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दोन शिपायांच्या मधे उभा होता आणि मनगटाला दोरी होती. कॉपी पुरवणाऱ्यालाही सोडत नव्हते. वर्गातल्या कितीतरी जणींनी परीक्षेला जायचंच सोडून दिलं. बाईंना भीती वाटायची ती वेगळीच. रुचीला ताप आला तर? गुरुजींनी ऐन वेळी नाही म्हटलं तर? रोज सकाळी शाळेत जाताना गल्लीच्या तोंडाशी थांबून त्या तिच्या खिडकीकडे बघून घ्यायच्या.

मराठीचा पेपर सकाळी सातला होता. केंद्र लांब, लहुराबीरच्या बाजूला एका मुलांच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत. बाईंनी मैदागिनहून रिक्षा केली आणि रुचीला फाटकापर्यंत पोचवलं. विषयाच्या शिक्षकाने केंद्राच्या आत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. रुचीच्या हातात प्लास्टिकची एक थैली होती, तिच्यात प्रवेशपत्र, दोन पेनं, पट्टी.

"बाई, मला डर लागतो."

"भीती वाटते म्हण," बाई म्हणाल्या. "काही होत नाही. जा."

त्या रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. उर्दू, बंगाली, नेपाळी घेतलेली मुलं त्याच वेळी आत गेली होती. मराठीची एकटी रुची. आठ वाजले. साडेआठला एक जीप आली, मागे पोलिसांची दुसरी. पाच-सहा माणसं उतरून भराभर आत गेली. भरारी पथक. बाई उभ्या राहिल्या. उगाच पदर सारखा केला आणि परत बसल्या. आत शंभरावर मुलं होती. आपल्या रुचीकडे कोण बघतंय?

नऊ वाजायला आले तेव्हा फाटकातून चपरासी बाहेर आला आणि त्याने रस्त्यावर नजर फिरवली.

"यहाँ कोई मराठी जाननेवाला है?"

बाईंनी हात वर केला.

प्राचार्यांच्या खोलीत शिरताना त्यांना पहिल्यांदा रुची दिसली. कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, शेजारी एक महिला पोलीस. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने बाईंकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली, जणू ओळखच नाही. टेबलामागे पथकाचे अधिकारी होते, पन्नाशीचे, बारीक, चष्मा लावलेले. त्यांच्यासमोर उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि एक घडी पडलेला कागद. रजिस्टरचं पान.

दारातूनच बाईंना आपलं अक्षर ओळखू आलं.

खुर्चीची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या. घरी दिनानाथ चहाची वाट बघत असतील, स्टोव्ह त्यांना पेटवता येत नाही, एवढाच विचार त्या क्षणी मनात आला.

सगळं बोलणं हिंदीत चाललं होतं. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं.

"या मुलीच्या थैलीत हा कागद सापडला," ते म्हणाले. "प्रवेशपत्राच्या मागे होता. म्हणते चुकून राहिला. कुणी लिहून दिला विचारलं तर सांगत नाही. अर्धा तास झाला, तोंड उघडत नाही. तुम्ही हिला ओळखता?"

बाईंनी रुचीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती आणि मान अगदी बारीक, कळेल न कळेल अशी हलवत होती. नाही म्हणा.

नाही म्हणता आलं असतं. या शहरात मराठी जाणणाऱ्या किती बायका. मी वाट चुकून आले, तुम्ही बोलावलंत म्हणून आले. कागद वाचून दाखवायचा आणि निघून जायचं. अक्षर कुणाचं हे शोधायला कोण येणार होतं? बाईंच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि त्या पुढे जन्मभर दिनानाथांना सांगत, की मी ते शब्द जिभेवर घेतलेसुद्धा होते.

"मी हिची शिक्षिका," त्या म्हणाल्या. "हे अक्षर माझं आहे."

रुचीने तोंडावर हात घेतला. प्राचार्य खुर्चीत मागे सरले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही काय बोललात ते तुम्हाला समजतंय ना? देणाऱ्यालाही तेच कलम आहे."

"जानेवारीत दिला होता, साहेब. घरी अभ्यास करायला. आमच्याकडे कोश नाही, पुस्तक नाही. मी सगळं हातानेच लिहून देते."

"जानेवारीत दिला हे कशावरून? आणि आजच्या पेपराशी याचा संबंध नाही असं लिहून द्याल?"

त्यांनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. बाईंनी ती टेबलावरच ठेवून वाकून वाचली. पाचवा प्रश्न होता, हिंदी उताऱ्याचं मराठीत भाषांतर करा. उताऱ्यातले तीन शब्द यादीत होते. तीन.

संबंध होता. सरळ सरळ होता.

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर व्हरांड्यात शिपायाचे बूट वाजत होते. बाई त्या उताऱ्यावरून परत परत नजर फिरवत राहिल्या, आणि काही सुचेना म्हणून त्यांनी विचारलं, "मुलीने काय लिहिलंय ते बघू का?"

अधिकाऱ्यांनी उत्तरपत्रिका उघडून त्या उत्तरावर बोट ठेवलं. "हात नका लावू. इथूनच वाचा."

रुचीचं गोल गोल अक्षर. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं, आणि वर्गात असत्या तर कपाळाला हात लावला असता.

"साहेब," त्या म्हणाल्या. "हिने कागद बघितलेला नाही."

"ते कसं?"

"उताऱ्यात आहे, सरकार बच्चों की शिक्षा पर बहुत खर्च करती है. हिने लिहिलंय, सरकार मुलांच्या शिक्षेवर पुष्कळ खर्च करतं."

"मग? बरोबरच तर आहे."

"नाही साहेब. मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा."

अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. बाई थांबल्या, पण त्यांना पूर्ण सांगायलाच हवं होतं. "हिच्या वाक्याचा अर्थ होतो, सरकार बच्चों की सज़ा पर बहुत खर्च करती है."

दारातल्या शिपायाने मान दुसरीकडे वळवली. प्राचार्य आपल्या बोटांकडे बघू लागले.

"यादीत तिसऱ्या ओळीवर बघा," बाई घाईघाईने म्हणाल्या. आता त्या थांबायला घाबरत होत्या. "तुम्हाला वाचता येईल, लिपी एकच आहे. शिक्षा, हिंदीत पढ़ाई, मराठीत शिक्षण म्हणायचं. कागद बघितला असता तर पोरीने शिक्षण लिहिलं असतं ना? आणि खाली हे बघा, घडा खाली है. हिने लिहिलंय घडा खाली आहे. मराठीत खाली म्हणजे नीचे. रिकामा लिहायला हवं होतं. यादीत आहे रिकामा. सातवी ओळ."

अधिकाऱ्यांनी कागद जवळ ओढला. तिसरी ओळ बघितली, उत्तरपत्रिका बघितली, सातवी ओळ बघितली. सावकाश, एकेका शब्दाखाली पेनाचं टोक नेत. मग ते टोक पुढे सरकलं आणि थांबलं.

"आणि हे? उताऱ्यात चेष्टा. यादीत उजवीकडे प्रयत्न लिहिलंय. मुलीनेही प्रयत्न लिहिलंय. हे तर बरोबर आहे."

बाईंना तो शब्द दिसला होता. तो अधिकाऱ्यांच्या नजरेस पडू नये अशीच त्यांची आशा होती.

"चेष्टेला प्रयत्न हिंदीतही म्हणतात, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्हीही म्हणता. मी दोन वर्षं शिकवतेय. एक शब्द तरी यायला नको का तिला?"

त्यांना रडायचं नव्हतं, पण आवाज फुटलाच.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटी अधिकाऱ्यांनी रुचीला विचारलं, "यादी पाठ नव्हती केलीस?"

"केली होती," रुची हुंदके देत हिंदीत म्हणाली. "पेपर हातात आला की सगळं गेलं."

अधिकारी महिला पोलिसाकडे वळून म्हणाले, "हिला वर्गात बसवा. जितका वेळ इथे गेला तितका जास्त द्या." मग अंबिकाबाईंना, "तुम्ही मात्र लिहून द्यायचं. कागद कुणी लिहिला, कधी दिला, कशासाठी. मी ते खात्याकडे पाठवणार. पुढे काय करायचं ते खातं बघेल."

बाईंनी लिहून दिलं. खाली तारीख घालून सही केली.

पावणेअकराला रुची बाहेर आली. दोघी रिक्षात बसल्या. रिक्षा कबीरचौऱ्याला आली. बाईंचा हात तिच्या पाठीवर होता.

"नाव का नाही सांगितलंस माझं?" बाईंनी विचारलं. "बाईंनी दिलाय म्हणाली असतीस तर लगेच सोडलं असतं कदाचित."

"तुमची नोकरी चालली गेली असती ना."

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"बाबांनी सांगितलं होतं मला, पहिल्याच दिवशी," रुची म्हणाली. "की बाईंची नोकरी आपल्या हातात आहे, मन लावून शिक. मी नापास झाली तर तुमचं घर कसं चालेल, दिनानाथ आजोबांना दिसत पण नाही. मला रोज तोच डर... तीच भीती वाटायची. मराठीची नाही वाटायची इतकी."

रिक्षा मैदागिनच्या गर्दीत अडकली. बाईंना दोन वर्षांतल्या त्या टाकीशेजारच्या संध्याकाळी आठवल्या. पोरगी घामेजल्या तळव्यांनी वही धरून बसायची, चूक झाली की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. बाईंना ती अभ्यासाची धास्ती वाटली होती. कौतुक वाटलं होतं.

"मी तुला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. याहून जास्त काही त्यांना बोलता आलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. रुची पास झाली, मराठीत त्रेचाळीस. तिने पेढे आणले, दिनानाथांच्या पाया पडली, आणि बराच वेळ दाराशी उभी राहून म्हणाली, "बाई, अकरावीला मी मराठी नाही घेणार. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

तशी ती एकदम हलकी झाली. आत येऊन बसली आणि तासभर बोलत राहिली, बहिणीच्या लग्नाचं, नळाचं, कॉलेजचं. शब्दांची सगळी लिंगं उलटीपालटी. बाईंनी एकही दुरुस्त केलं नाही. दिनानाथ मात्र मधेच हसले, पुष्कळ दिवसांनी.

एक परीक्षार्थी बसली म्हणून जागा त्या वर्षी वाचली. खात्याने खुलासा मागवला, बाईंनी तीन पानी लिहून पाठवला. उत्तर कधीच आलं नाही, पण पोस्टमन गल्लीत दिसला की बाईंचा हात हातातल्या कामावर थांबायचा. हे वर्षभर चाललं.

निकालानंतरच्या जुलैत शेजारच्या इंदूवहिनींनी त्यांना गल्लीत थांबवलं. त्यांची बकुळ नववीत चालली होती. "यंदा आला नाहीत विचारायला?" वहिनी म्हणाल्या. "आम्ही वाट बघत होतो. तुमच्या जागेचं ऐकलंय आम्ही, बाई. बकुळला घालू ना मराठीला, त्यात काय."

बकुळ आईच्या मागे उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. एका होकारावर पुढची तीन वर्षं सुटत होती.

"तुला काय घ्यायचंय गं?" त्यांनी विचारलं.

पोरीने आईकडे बघितलं, मग बाईंकडे. "चित्रकला," ती म्हणाली.

"मग चित्रकलाच घे." आणि इंदूवहिनींना, "माझ्यासाठी नका घालू, वहिनी. कधी तिला स्वतःला वाटलं तर पाठवा. शाळा सुटल्यावर मी असतेच."

पुढची तीन वर्षं मराठीला कुणी बसलं नाही. पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये अनुदान बंद झाल्याचा आदेश आला. बाईंना घरी बसवलं नाही, सहावीची हिंदी दिली, हे त्यांना फार उशिरा, पत्राच्या दुसऱ्या पानावर कळलं. पहिलं पान वाचून त्या तशाच उठून मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, आणि पान उलटायचा धीर त्यांना मधली सुट्टी संपेपर्यंत झाला नव्हता.